अर्ध्यावरच्या पुस्तकांचे कपाट

प्रथम दिवस नोंदवतो, नंतर जबाबदार व्यक्ती, आणि मगच द्वारकाअक्कांविषयी लिहितो. हा क्रम काहींना उलटा वाटेल. परंतु ज्याने उभी हयात धुळ्याच्या न्यायालयात शिरस्तेदारी करण्यात घालवली, त्याच्याकडून दुसऱ्या क्रमाची अपेक्षा करू नये.

पहिला दिवस, आखाजीच्या आधीच्या आठवड्यातला सोमवार. त्या दिवशी आमच्या गावच्या सार्वजनिक वाचनालयाचे मधले कपाट ग्रंथपालांच्या गैरहजेरीत उघडण्यात आले. दुसरा दिवस, लगेचचा बुधवार. त्या दिवशी कपाटातल्या पुस्तकांमधल्या सर्व खुणा उपटून एका टोपलीत टाकण्यात आल्या. तिसरा दिवस तपासणीचा. आणि चौथा वार्षिक सर्वसाधारण सभेचा. त्या सभेत अहवालातले एक वाक्य मोठ्याने वाचले गेले आणि टाळ्यांच्या गजरात मंजूर झाले. हा सगळा मजकूर त्या एका वाक्याविरुद्ध आहे.

जबाबदार व्यक्ती अशा. वाचनालयाचे अध्यक्ष, ज्यांचे गावाबाहेर कापसाचे जिनिंग आहे आणि ज्यांना लहानथोर सगळे नाना म्हणतात. चिटणीस, जे महाविद्यालयात वाणिज्य शिकवतात आणि ज्यांनी ते वाक्य लिहिले. आणि सभेला हजर असलेले यच्चयावत सभासद, एक वगळून. त्या एकाने उभे राहून रीतसर हरकत घेतली होती. इतिवृत्तात तिची नोंद ‘एक सभासद बोलले’ अशी आहे.

गावाचे नाव मी लिहीत नाही. अब्रूनुकसानीचा कायदा मला माहीत आहे. नानांना नसला तरी त्यांच्या वकिलाला माहीत आहे. धरणगावची एस.टी. आमच्या फाट्यावर थांबते, एवढे पुरे.

आता ग्रंथपाल, म्हणजे अक्का.

वाचनालयाच्या दालनात शिरताच समोर ‘शांतता राखा’ अशी पाटी होती आणि त्या पाटीखाली गावातला सर्वांत मोठा आवाज खुर्ची टाकून बसलेला असे. अक्का हळू बोलू शकतच नसत. पुस्तकाची चौकशी केली तरी उत्तर समोरच्या सोनाराच्या दुकानात ऐकू जाई, आणि कधीकधी सोनारच तिकडून भर घाली. नऊवारीचा पदर कमरेला खोचलेला, चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली, टेबलावर पितळी तांब्या. त्यांची बोली दोन प्रकारची होती. मन प्रसन्न असले की अस्सल अहिराणी. राग आला की एकदम पुस्तकी मराठी, तीही इतकी शुद्ध की समोरच्याला आपण आरोपी असल्याची जाणीव व्हावी. “आपण बसावे,” असे अक्का म्हणाल्या की शहाणा माणूस उठून घरी जाई.

मी निवृत्त होऊन गावी परतलो ते ऐंशीच्या दशकाच्या मध्याला. दुसऱ्याच दिवशी सभासद झालो, नियमावली मागून घेतली आणि वाचून काढली. तिसऱ्या दिवशी मधल्या कपाटातले हिमालयाच्या प्रवासाचे एक जाड पुस्तक मागितले. अक्कांनी ते काढले, माझ्यासमोर धरले आणि परत आत ठेवले.

“हाई नही भेटाव, आबा.”

मी नियम क्रमांक नऊ तोंडपाठ म्हणून दाखवला: वाचनालयात हजर असलेले कोणतेही पुस्तक मागणी करताच सभासदास देण्यात येईल. अक्कांनी तो शांतपणे ऐकून घेतला.

“पुस्तक हाजर शे, पन मोकळं नही. सुताराच्या पोरीनं अर्धं वाचेल शे. ती आखाजीले माहेरी येई, मंग पुरं करी. मंग तुम्ही लई ज्या.”

आखाजीला तेव्हा आठ महिने अवकाश होता.

मी त्याच दिवशी कार्यकारिणीकडे लेखी तक्रार केली. ती तक्रार कायद्याच्या दृष्टीने निर्दोष होती, आजही आहे, आणि ती मी मागे घेतलेली नाही. मात्र घरी येताना ‘हजर आहे पण मोकळे नाही’ हा युक्तिवाद माझ्या डोक्यातून जाईना. गहाण टाकलेल्या शेताची, कुळाच्या ताब्यातल्या जमिनीची प्रकरणे मी आयुष्यभर हाताळली होती. वस्तू डोळ्यांसमोर असते, पण तिच्यावर कोणाचा तरी हक्क बसलेला असतो. तोच सिद्धांत पुस्तकाला लावणारे न्यायालय मी प्रथमच पाहत होतो.

आमच्याकडे आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लग्न झालेल्या मुली माहेरी येतात, हे खानदेशाबाहेरच्या वाचकासाठी सांगितले पाहिजे. दिवाळीला येणे झाले तर झाले. आखाजी चुकत नाही. झाडांना झोके बांधले जातात, गाणी होतात, आंबा प्रथम ताटात पडतो, आणि आठ-दहा दिवस या मुलींना कोणी काम सांगत नाही. वर्षभरात हातात पुस्तक धरायला मिळेल असे त्यांचे तेवढेच दिवस. दोनशे पानांची कादंबरी तेवढ्यात होतेच असे नाही. झोके असतात, मैत्रिणी असतात, आईशी बोलायचे राहिलेले असते. सासरी पुस्तक न्यायला परवानगी नव्हती, कारण सभासदत्व बापाच्या नावावर आणि नियम क्रमांक चौदाप्रमाणे पुस्तक गावाबाहेर जाता कामा नये. (हा नियम मी तपासला. तो योग्यच आहे.) म्हणून अक्कांनी आपल्या अधिकारात तोड काढली होती. मुलगी सासरी निघाली की आपल्या जुन्या लुगड्याच्या काठाची एक चिंधी आणायची. जिथे वाचन थांबले त्या पानात ती तिनेच घालायची आणि मिटलेले पुस्तक अक्कांच्या हाती द्यायचे. पुस्तक मधल्या कपाटात जाई आणि पुढच्या आखाजीपर्यंत तिथेच राही. एकाच कादंबरीत हिरवा काठ पुढे, जांभळा मागे, आणि नारळी काठ अगदी सुरुवातीलाच अडकलेला, असेही असे. त्या पुस्तकाच्या बाबतीत अक्कांचा एकच दंडक होता. पुढे गेलेलीने मागच्या मुलीला पुढचे सांगायचे नाही. सांगितले तर तिची चिंधी काढून पहिल्या पानात घालण्यात येईल. ही शिक्षा एकदा प्रत्यक्षात झाली, आणि ती मुलगी रडली, असे मला सांगण्यात आले.

खुद्द अक्का कोणत्याही कादंबरीचे शेवटचे प्रकरण वाचत नसत. मी कारण विचारले. म्हणाल्या, शेवट ठाऊक असलेल्या माणसाचे तोंड लपत नाही. पोर पुस्तक मागायला आली की माझ्या तोंडावरूनच ओळखेल की नायिका मरते. परिणामी या बाईंनी शेकडो कादंबऱ्या वाचल्या आणि एकाही कादंबरीत शेवटी काय झाले ते त्यांना माहीत नव्हते.

बाकीच्या कपाटांची मांडणीही शास्त्राला सोडून होती, हे मी मान्य करतो. दालन लहान, पुस्तके अफाट, म्हणून विषय किंवा लेखक यांच्याऐवजी वाचणारा त्या घडीला कुठे आहे, यावर अक्कांची विभागणी चाले. एक फळी बाळंतिणींची: एका हातात धरता येतील अशी हलकी पुस्तके. एक फळी एस.टी.ची: कोणत्याही परिच्छेदाला मिटता येतील आणि साक्रीची गाडी अखेर लागली तर हळहळ वाटणार नाही अशी. एक आजारातून उठलेल्यांची, जिच्यात कोणी आजारी पडत नसे. एक फळी निवृत्तांची: जाड, प्रतिष्ठित, आणि पंख्याखाली डोळा लागला तर छातीवर शोभणारी. मला त्याच फळीवरचे पुस्तक प्रथम देण्यात आले होते, हे पुढे कळले. कवितेची पुस्तके पाण्याच्या माठाशेजारी होती. पाणी पिता पिता एक होते, हे त्यावरचे त्यांचे स्पष्टीकरण. गावातल्या एका कवीने यावरून वाचनालयात येणे सोडले. अक्कांनी त्याची चौकशीदेखील केली नाही.

“पुस्तक जाड नही ऱ्हास, आबा,” त्या म्हणत. “दुपार बारीक ऱ्हास.” (अहिराणीतला हा ‘ऱ्हास’ म्हणजे ‘असते’.)

त्यांचे यजमान रेल्वेत होते, बोदवड स्टेशनावर. आठवड्यातून एकदा घरी येत. अबोल, सडपातळ गृहस्थ. ते आले की दोघे ओट्यावर बसत आणि अक्का कसलीही प्रस्तावना न करता विचारत, “हां, मंग तो मालगाडीवाला काय म्हने?” मागच्या रविवारी जेथे बोलणे तुटले असेल तेथून ते पुढे सुरू होई. नवी बातमी असली तरी जुनी संपल्याशिवाय तिला वाव नसे. एकदा मी मध्येच जाऊन बसलो आणि कसला तरी प्रश्न विचारला, तेव्हा यजमानांनी प्रथमच माझ्याकडे पाहिले आणि नम्रपणे म्हणाले, “आबा, हे प्रकरण मागल्या महिन्याचं आहे. तुम्हाला नाही लागायचं.”

आता नानांची कमल. नानांची ही एकुलती मुलगी साक्रीला दिलेली. एका आखाजीला तिने एक कादंबरी घेतली, नायिका घर सोडून निघते तिथपर्यंत आली, आणि न्यायला दीर हजर झाला. चिंधी अडकवून कमल गेली. वर्षभर साक्रीत भाकरी थापताना तिने त्या नायिकेचे पुढे काय झाले असेल याचा विचार केला. पुढच्या आखाजीला येऊन उरलेली कादंबरी एका बैठकीत वाचली, पुस्तक अक्कांच्या टेबलावर आपटले आणि लेखकाला अक्कल नसल्याचे जाहीर केले. मग आपण योजलेला शेवट सांगितला. तो शेवट, ऐकणाऱ्यांच्या मते, फारच सरस होता. झोक्यांवरून मुली उतरून तो ऐकायला आल्या. त्यावर अक्कांनी निर्णय दिला की, ही कादंबरी नेणाऱ्याने आधी लेखकाचा शेवट वाचावा आणि नंतर नानांच्या घरी जाऊन कमलचा ऐकावा. आखाजीच्या त्या आठवड्यात नानांच्या ओसरीवर बायकांची रांग लागत असे. नाना जिनिंगवर असत. आपल्या घरी कसली गर्दी होते, हे त्यांनी कधी विचारले नाही.

अशा स्थितीत नव्वदच्या दशकाच्या आरंभी कार्यकारिणीच्या मनाने घेतले की वाचनालयाचा वर्ग वाढला पाहिजे. ‘क’चा ‘ब’ व्हायला तपासणी होते. जळगावहून निरीक्षक येणार, असे कळले. अक्का तेव्हा बोदवडला, यजमानांच्या पुतणीच्या लग्नाला गेल्या होत्या. नाना आणि चिटणीस यांनी ही संधी मानली. महाविद्यालयातली मुले बोलावली, सगळी पुस्तके खाली उतरवली, पाठीवर क्रमांक चिकटवले आणि क्रमांकांप्रमाणे फळ्या लावल्या. पुस्तकांत चिंध्या निघाल्या, त्या नानांच्या आज्ञेवरून काढून टाकण्यात आल्या. निरीक्षकाला पुस्तकांत फडकी दिसली तर काय वाटेल, असे ते म्हणाल्याचे दोघांनी ऐकले आहे. बाळंतिणींची फळी गेली, एस.टी.ची गेली, मधल्या कपाटावर ‘संकीर्ण’ असा कागद लागला. मी त्या बुधवारी वर्तमानपत्र वाचायला गेलो आणि टोपली पाहिली. ती उचलून मी घरी आणली. कचरा ठरवलेली वस्तू ताब्यात घेण्यास कायद्याची आडकाठी नाही.

अक्का शनिवारी परतल्या. दालनाच्या मधोमध उभ्या राहून त्यांनी चारही भिंती पाहिल्या. नाना मोठ्या उमेदीने हजर होते.

“नानासाहेब,” अक्का म्हणाल्या, “आपण फार व्यवस्थित काम केलेले दिसते. आपण बसावे.”

नाना बसले. जन्मभर व्यापार केलेल्या माणसाला एवढेही कळू नये, याचे मला नवल वाटले.

अक्का दालनातून निघून गेल्या. संध्याकाळी माझ्या घरी आल्या, टोपली मांडीवर घेतली. मी म्हणालो, तुम्हाला आठवेल त्या त्या घालून टाका. त्यांनी मान हलवली. कोणती चिंधी कोणाची ते त्या सांगू शकत होत्या. कोणत्या पानातली ते त्यांनी कधी पाहिलेच नव्हते. पोरीने मिटलेले पान आपण कशाला उघडायचे, असा त्यांचा रिवाज होता. इतकी वर्षे मी अक्कांना ओळखत होतो. त्यांना हळू बोलताना मी त्या संध्याकाळी ऐकले.

“बठ्ठ्या पोरी येतीन, आबा. मी त्यासले काय सांगू?”

आखाजी आली, पोरी आल्या. दुसऱ्या दिवशी दुपारी दालनात पाय ठेवायला जागा नव्हती. अक्कांनी सगळ्या चिंध्या टेबलावर पसरून ठेवल्या होत्या. जिने तिने आपली उचलली, आणि मग शोध सुरू झाला. ‘संकीर्ण’पासून ‘शेती’पर्यंत सगळ्या फळ्या धुंडाळून जिची तिची पुस्तके काढण्यात आली. परंतु पान? कोणी मधूनच उघडून चार ओळी मोठ्याने वाची आणि विचारी, हे झालंय का गं आपलं? दुसरी म्हणे, हे तर लग्नाआधीचं, आता मूल झालंय तिला. तिसरी कानांवर हात ठेवून ओरडे की मूल झाल्याचे मला ठाऊक नव्हते. पुढचे न सांगण्याचा दंडक पंधरा मिनिटांत कोलमडला. पुरुष सभासदांनी व्हरांड्यात वर्तमानपत्रे नेली आणि तोंडासमोर धरून आतले ऐकू लागले. सोनाराने दुकान अर्धे मिटले. मी एवढे सांगतो की त्या दालनात तशी गंमत पुन्हा झाली नाही, आणि ‘शांतता राखा’ ही पाटी त्या दुपारी कोणीतरी उलटी करून टांगली. कोणी, याबद्दल मी साक्ष देणार नाही.

कमलचे मात्र सापडत नव्हते. तिने मोठा ग्रंथ घेतला होता, तीन आखाज्या पुरलेला. एवढ्यात नाना आले. गर्दीत आपली मुलगी पाहून चकित झाले. प्रकार कळल्यावर हसले आणि सर्वांदेखत म्हणाले की एवढ्याशा गोष्टीसाठी काय, जळगावहून नवी कोरी प्रत आणवून देतो, सासरी घेऊन जा.

कमल फळीपाशी बसली होती. उठलीही नाही.

“माले नवं पुस्तक नको, नाना. माले मनी जागा पाहिजे. तुम्हीन मनी खूण काबर काढी?”

तिची जागा, तिची खूण, आणि ती का काढली, एवढाच प्रश्न. नानांनी इकडे तिकडे पाहिले. अक्कांनी त्यांच्यापुढे खुर्ची सरकवली आणि अहिराणीत म्हणाल्या की बसा भाऊ, पोरीसोबत पाने लावा. नाना बसले. अंधार पडेपर्यंत बाप वाचत होता आणि लेक ‘हे झालं’, ‘हेही झालं’ म्हणत होती. पान सापडले की नाही, ते मला ठाऊक नाही. दिवे लागले तरी दोघे उठले नव्हते.

येथे हे व्यक्तिचित्र गोड होऊन संपले असते, तर मी लेखणी उचललीच नसती.

तपासणी लांबणीवर पडली होती. निरीक्षक आखाजी उलटल्यावर, मुली सासरी परतल्यावर आले. सज्जन, वेळेचे पक्के गृहस्थ. त्यांनी क्रमांक पाहिले, मान डोलावली, आणि छापील तक्त्यातला पुढचा प्रश्न विचारला: महिला विभाग कोठे आहे? चिटणीस नानांकडे पाहू लागले, नाना छताकडे. महिलांच्या वाचनाची स्वतंत्र सोय, असा तो प्रश्न होता. ती सोय त्या दालनात कित्येक वर्षे एका कपाटात नांदत होती. तिच्यावर महिन्याभरापूर्वी यांनीच ‘संकीर्ण’ असा कागद लावला होता. निरीक्षकांनी ‘नाही’ असे लिहिले. वर्ग ‘क’च राहिला.

आणि वार्षिक अहवालात आले ते हे वाक्य: “ग्रंथपालांच्या अशास्त्रीय मांडणीमुळे संस्थेची वर्गोन्नती होऊ शकली नाही.”

मी सभेत उभा राहिलो. नानांनी मला बसवले. मुलीसोबत तास न् तास पाने लावणारा माणूस अध्यक्षाच्या खुर्चीत बसताच असा बदलतो, याचे उत्तर दंडविधानात नाही. अक्का सभेला होत्या. पुढची दोन वर्षे त्यांनी क्रमांकांप्रमाणे चोख काम केले, सर्वांशी शुद्ध मराठीत बोलल्या, आणि निवृत्त होऊन यजमानांकडे बोदवडला गेल्या. मधले कपाट त्यानंतर गेले. नव्या ग्रंथपालांनी तिथे स्पर्धापरीक्षांची पुस्तके लावली आहेत. गेल्या आखाजीला सुताराची मुलगी आपले अर्धे राहिलेले पुस्तक मागायला आली, तेव्हा ते वर्षापूर्वीच दुसऱ्याला दिल्याचे तिला सांगण्यात आले. पुस्तक हजर नव्हते. नियमाप्रमाणे सारे बरोबर होते.

अक्कांना मी शेवटचे पाहिले ते गाडीच्या खिडकीतून. अकोल्याला जात होतो. पॅसेंजर बोदवडला थांबली. फलाटावरच्या बाकावर यजमान गणवेशात बसले होते, शेजारी अक्का, दोघांच्या मध्ये एक उघडे पुस्तक. ते सावकाश वाचत होते आणि अक्का पान उलटायची वाट पाहत, तोंडाने त्यांना घाई करत होत्या. आवाज थेट माझ्या डब्यापर्यंत येत होता. मी हाक मारणार, तोच सुटायची वेळ झाली. यजमान हिरवी झेंडी घेऊन उठले. ते गेले त्याबरोबर अक्कांनी त्यांच्या ओळीवर बोट ठेवले, आणि गाडी हलली तशी मान वळवून दुसरीकडेच पाहू लागल्या, पुढचे दिसू नये म्हणून.

सबब माझी मागणी अशी. अहवालातले ते वाक्य कोणत्या ठरावाने आणि कोणत्या पुराव्यावर लिहिले, याचे उत्तर अध्यक्षांनी द्यावे. मला पत्राने पाठवू नये. मी या प्रकरणातला पक्षकार नाही. वार्षिक सभेतही देऊ नये, कारण ज्यांना उत्तर देणे आहे, त्या मुली सभेच्या दिवशी गावात नसतात. नानांनी ते येत्या आखाजीच्या दुसऱ्या दिवशी, भर दुपारी, वाचनालयाच्या दालनात उभे राहून द्यावे. आणि मोठ्याने द्यावे.